गोरिला गेला कुठे?

टेबलावर एक गोरिला बसलाय. वीतभरही उंच नाही. मुठी जमिनीला टेकलेल्या, मान खांद्यांच्या पुढे आलेली, पाठीला बाक. आता त्याची छाती दोन बोटांनी उघडा, डोकं मागे पाठीत लोटा, आखूड पाय खाली ओढून सरळ करा, खांदे फिरवून जागेवर बसवा. खटकन आवाज येतो आणि त्याच जागी एक यंत्रमानव ताठ उभा राहतो. तुकडा एकही काढलेला नाही, एकही जोडलेला नाही, वजनात रतीचाही फरक नाही. मग गोरिला गेला कुठे?

रूप बदलणाऱ्या प्राण्याची पारख करायची तर सुरुवात याच प्रश्नापासून करावी. रंग कसा आहे, तलवारी किती आहेत, डब्यावरचं चित्र किती झकास आहे, हे सगळं नंतरचं. आधी पाहायचं ते हे, की एका शरीराचं दुसरं शरीर खरोखर झालं, की पहिलं नुसतं कुठेतरी दडवलं? हा फरक एकदा डोळ्यांत बसला की खेळण्याच्या दुकानात उभं राहून भूमिती, शरीरशास्त्र आणि पदार्थविज्ञान असे तिन्ही विषय एकाच वेळी समोर दिसू लागतात.

आधी गाड्या, मग जनावरं

या खेळण्यांचं मूळ जपानात आहे. टाकारा कंपनीने 1980 मध्ये ‘डायाक्लोन’ ही मालिका काढली. पुढे तिच्यातल्या गाड्या आणि विमानं उलगडून यंत्रमानव होऊ लागली. 1983 मध्ये त्याच कंपनीच्या ‘मायक्रोमॅन’ मालिकेतून ‘मायक्रो चेंज’ ही शाखा फुटली. तिच्यात कॅसेट, टेपरेकॉर्डर अशा घरातल्या वस्तू रूप बदलत. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने या दोन्हींतली खेळणी निवडली, मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांच्याकडून बहुतेकांची नावं आणि स्वभाव लिहून घेतले आणि 1984 मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ बाजारात आणले.

सुरुवात गाड्यांपासून झाली याला कारण आहे. गाडी म्हणजे मुळात एक खोका. खोक्याला खांदा नसतो, मान नसते, कंबर नसते. दार हाताला लागलं काय नि छप्पर पाठीला लागलं काय, बघणाऱ्याला खटकत नाही. प्राण्याचं तसं नाही. मांजर कसं बसतं, माकड कसं चालतं हे आपण बोलायला लागायच्या आधीपासून बघत आलेलो असतो. मान अर्धा सेंटिमीटर मागे गेली तरी डोळा सांगतो, काहीतरी चुकलंय. त्यामुळे प्राण्यातून यंत्रमानव काढणं हे गाडीतून काढण्यापेक्षा कितीतरी अवघड काम.

तरी पहिल्याच वर्षी एक जनावर आलं. रॅव्हेज नावाचा काळा जाग्वार, जपानातलं त्याचं नाव ‘जाग्वार’च. तो माणूस होतच नव्हता. छोट्या टेपरेकॉर्डरच्या मायक्रोकॅसेटसारखी दिसणारी एक चपटी वडी उलगडली की त्यातून चार पाय, शेपूट आणि डोकं बाहेर येई. कडेने पाहिलं तर दबा धरून निघालेला जाग्वार, समोरून पाहिलं तर उभी धरलेली पट्टी. कॅसेटच्या जाडीत आणखी मावणार तरी काय! पण या मर्यादेतही चालणाऱ्या श्वापदाची रेषा त्यात पकडलेली होती आणि चाळीस वर्षांनंतरही संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात.

1985 मध्ये डायनासोर होणारे डायनोबॉट आले आणि 1996 मध्ये खरी उडी पडली. हॅस्ब्रोच्या केनर या शाखेने गाड्या बाजूला ठेवून ‘बीस्ट वॉर्स’ ही निव्वळ प्राण्यांची मालिका काढली. सोबतीला कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या मेनफ्रेम एंटरटेनमेंटने संगणकावर घडवलेली टीव्ही मालिका होती. 1999 पर्यंत तिचे 52 भाग झाले. एका अनोळखी ग्रहावर कोसळलेले यंत्रमानव तिथल्या घातक ऊर्जेपासून वाचण्यासाठी प्राण्यांची रूपं घेतात आणि पुढे तो ग्रह म्हणजे प्रागैतिहासिक पृथ्वीच निघते, अशी ती कथा. चांगल्यांचा नायक ऑप्टिमस प्रायमल हा गोरिला. आपल्या टेबलावर बसलाय तो हाच.

हाडाला हाड

1555 मध्ये प्येर बलों या फ्रेंच निसर्ग अभ्यासकाने पक्ष्यांवर एक ग्रंथ छापला. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर दोन सांगाडे आहेत, एक माणसाचा आणि एक पक्ष्याचा. पक्षी माणसासारखा उभा टांगलेला आहे आणि दोघांच्या हाडांना तीच अक्षरं दिली आहेत. माणसाच्या दंडाचं हाड ते पक्ष्याच्या पंखातलं हे, माणसाची मांडी ती पक्ष्याची ही. पुढे एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ओवेन यांनी अशा जुळणाऱ्या अवयवांचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि डार्विन यांनी 1859 मध्ये त्याचं कारण सांगितलं, की पूर्वज एक आहेत म्हणून आराखडा एक आहे. देवमाशाचा पर, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पुढचा पाय आणि आपला हात यांत हाडांची तीच मांडणी, फक्त कुठे ताणलेली, कुठे आखडलेली.

खेळण्याचा रचनाकार कागदावर पहिली रेघ मारतो तेव्हा तो बलों यांचंच काम करत असतो. या प्राण्याचा कुठला भाग त्या यंत्रमानवाचा कुठला भाग होईल, याची जुळणी तो आधी लावतो. जुळणी जितकी नैसर्गिक तितकं खेळणं सुटसुटीत.

गोरिला इथे सगळ्यांवर मात करतो. त्याला आपल्यासारखेच खांदे आहेत, रुंद छाती आहे, पकड घेणारे हात आहेत. त्यामुळे हाताचा हात राहतो, पायाचा पाय, धडाचं धड. बदलायच्या त्या तीनच गोष्टी. पहिली म्हणजे प्रमाण. गोरिलाचे हात पायांपेक्षा लांब असतात, माणसाचे पाय हातांपेक्षा. म्हणून यंत्रमानव होताना पाय लांबले पाहिजेत. मांडीचा भाग कमरेत किंवा पोटरीत दुमडून ठेवलेला असतो, तो बाहेर येतो. दुसरी, पाठीचा कल. गोरिला बोटांच्या पेरांवर भार देऊन चालतो, म्हणून त्याचं धड तिरकं असतं, माणसाचं उभं. म्हणजे कमरेत एक पक्की बिजागरी हवी. तिसरी, डोकं. गोरिलाचं डोकं खांद्यांच्या पुढे असतं, यंत्रमानवाचं खांद्यांच्या वर. एक मागे गेल्याशिवाय दुसऱ्याला जागा होत नाही. गोरिलाची मान जाड आणि पाठ फुगीर असते. रचनाकाराच्या दृष्टीने ही देणगीच, कारण त्या जाडीच्या आत दुसरं डोकं आपली पाळी येईपर्यंत थांबू शकतं.

जिथे हातांचे पाय होतात

डायनासोरची जुळणी इतकी सरळ नाही, आणि म्हणूनच तिथे कल्पकता दिसते. 1985 च्या डायनोबॉटांपैकी ग्रिमलॉक घ्या. तो टिरॅनोसॉरस रेक्स. या प्राण्याला मागे भलीमोठी शेपटी आणि पुढे नावापुरते दोन हात. माणसाच्या शरीराशी कसं जुळवणार? ग्रिमलॉकच्या रचनाकाराने सरळ जुळणीचा नादच सोडला. यंत्रमानवाचे दोन्ही पाय एकत्र येऊन मागे वळतात आणि त्यांची शेपटी होते. यंत्रमानवाचे दोन्ही हात खाली येतात आणि डायनासोरचे पाय होतात. पंजे येतात, मुठी झाकल्या जातात. जे उचलत होतं ते आता भार पेलतं आणि जे भार पेलत होतं ते मागे जमिनीला टेकतं.

खेळणं हातात घेऊन हा बदल सावकाश करून पाहा. हात आता पाय झाला, असा क्षण नेमका दाखवता येत नाही. एका टप्प्यावर ते दोन्ही असतं.

यात आणखी एक गंमत दडली आहे. तो ग्रिमलॉक अगदी उभा असतो, शेपटी जमिनीला टेकवून, तिपाईसारखा. आज कुठलाही जीवाश्मतज्ज्ञ टी-रेक्सला असं उभं करणार नाही. पण न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमधला टी-रेक्सचा प्रसिद्ध सांगाडा 1915 पासून असाच उभा होता आणि 1990 च्या दशकात त्याची फेरमांडणी करून पाठ जमिनीला समांतर, शेपटी हवेत अशी केली. 1985 च्या खेळण्यात जुना समज गोठून राहिला आहे. अलीकडच्या टी-रेक्स खेळण्यांत पाठ आडवी झाली, मग त्यांचा तोल सांभाळायला डोकं हलकं आणि शेपटी पुरेशी जड ठेवावी लागली. विज्ञानाने प्राण्याची ठेवण बदलली की खेळण्याचा गुरुत्वमध्यही हलतो.

सगळं विज्ञान मात्र खेळण्यात उतरत नाही. ‘बीस्ट वॉर्स’मध्ये डायनोबॉट याच नावाचं एक पात्र आहे, तो व्हेलॉसिरॅप्टर, अंगाने खवल्यांचा. 2007 मध्ये व्हेलॉसिरॅप्टरच्या हातातल्या हाडावर पिसं रुजण्याच्या जागा सापडल्या, म्हणजे खरा प्राणी पिसांचा होता आणि आकाराने टर्कीएवढाच. नंतरच्या डायनोबॉटलाही पिसं आली नाहीत, कारण तो निसर्गातल्या प्राण्याची नव्हे, टीव्हीवरच्या पात्राची प्रतिमा आहे. पारख करताना कसोटी कुठली लावायची हे आधी ठरवावं. एका डोळ्याने निसर्ग आणि दुसऱ्याने मालिका बघत बसलं की प्रत्येकच खेळणं नापास होतं.

बहुरूप्याची झोळी

सगळ्यात अवघड परीक्षा मार्जारकुळाची. चित्ता म्हणजे निमुळती छाती, खपाटीला गेलेलं पोट, काटकुळे पाय. आत काही लपवायला जागाच नाही. त्यात मागच्या पायाचा पेच. मांजराच्या मागच्या पायात ‘उलटा गुडघा’ दिसतो ती खरं तर टाच असते, कारण मांजरं बोटांवर चालतात. यंत्रमानवाला मात्र सरळ पोटरी आणि रुंद सपाट पाऊल हवं, नाहीतर दोन पायांवर उभा राहणार कसा? चित्त्याच्या इवल्याशा पंजातून एवढं मोठं पाऊल आणायचं कुठून?

इथे पळवाट काढली जाते. आत एक सडपातळ यंत्रमानव घडवायचा आणि त्याच्यावर प्राण्याची कातडी तुकड्यातुकड्यांनी चढवायची. रूप बदललं की ही कातडी सुटून पाठीवर नाहीतर दंडावर लोंबते. शौकिनांच्या बोलण्यात अशा खेळण्याला ‘शेलफॉर्मर’ म्हणतात आणि लोंबणाऱ्या फालतू तुकड्यांना ‘किबल’. बहुरूपी पोलिसाचा वेश उतरवून वाघ्या होतो तेव्हा आधीचा वेश झोळीत जातो. आपण त्याची कला पाहतो, झोळी पाहत नाही. पण खेळण्याला झोळी खाली ठेवता येत नाही, ती पाठीवरच राहते.

म्हणून समोरून कितीही देखणा दिसला तरी यंत्रमानवाला आधी पाठमोरा करून बघावा. पाठीवर अख्खा चित्ता चापून बसवलेला असेल, तर हे रूपांतर नव्हे, वेशांतर आहे. अर्थात वेशांतरातही हुशारी असते. टाकारा टॉमीच्या ‘मास्टरपीस’ या महागड्या मालिकेत 2016 मध्ये ऑप्टिमस प्रायमल आला, 2017 मध्ये चित्ता चीटॉर आला. टीव्हीवरची आकृती दोन्ही रूपांत हुबेहूब उतरवायची हा या मालिकेचा हट्ट. पण टीव्हीवरची आकृती संगणकातली. तिथे एक तुकडा दुसऱ्याच्या आरपार जाऊ शकतो, लहान होऊ शकतो, नाहीसाही होऊ शकतो. प्लास्टिकला यातलं काहीही जमत नाही. त्यामुळे संगणकाने जे एका सेकंदात खोटं केलं, ते खरं करायला घड्यांमागे घड्या घालाव्या लागतात. त्या घड्या उलगडताना कधी थक्क व्हायला होतं, कधी बोटं दुखतात. दोन्ही प्रतिक्रिया रास्त आहेत.

उलट, काही रचनाकार प्राण्याचे अवयव लपवायच्या भानगडीतच पडत नाहीत. ‘बीस्ट वॉर्स’चा खलनायक मेगाट्रॉन हाही टी-रेक्स. यंत्रमानव झाल्यावर त्या डायनासोरचं जबड्यासकट अख्खं डोकं त्याच्या उजव्या हाताच्या जागी येतं. अडचण होती तेच पात्राचं सगळ्यात लक्षात राहणारं वैशिष्ट्य झालं. याला दाद द्यावीच लागते.

खांदा का पडतो?

‘बीस्ट वॉर्स’ने या खेळण्यांना दिलेली मोठी देणगी म्हणजे गोळा-खोबणीचा सांधा. त्याआधीचे बहुतेक ट्रान्सफॉर्मर्स साध्या खिळीवर पुढे-मागे हलत. गोळ्याचा सांधा आपल्या खांद्यासारखा किंवा खुब्यासारखा: वाटीत गोळा, आणि सगळ्या दिशांना फिरण्याची मुभा. प्राण्याला जिवंतपणा येतो तो यामुळे. मान किंचित वळलेली, एक खांदा पुढे, एक पाय मागे. एवढ्यानेच पुतळ्याचं जनावर होतं.

हा सांधा निव्वळ घर्षणावर टिकतो. वाटी गोळ्याला किंचित आवळून धरते. फार आवळलं तर वाटीला तडा जातो, कमी आवळलं तर हात लटकतो. आणि इथे आकाराचं गणित आडवं येतं. गॅलिलिओ यांनी 1638 मध्ये दाखवून दिलं होतं, की प्राण्याची उंची दुप्पट केली तर त्याच्या हाडाची जाडी दुप्पट करून भागत नाही, कारण वजन आठपट होतं. खेळण्याचंही तसंच. सगळी मापं दुप्पट केलीत तर पुढे ताणलेल्या हाताचं वजन आठपट, त्यात हात दुप्पट लांब, म्हणून खांद्यावर येणारा पीळ सोळापट. उलट गोळ्याचा पृष्ठभाग चौपट आणि त्रिज्या दुप्पट, म्हणजे त्याची पकड आठपटच वाढते. मोठ्या खेळण्याचा खांदा लहानाच्या मानाने निम्माच समर्थ उरला.

म्हणून मोठ्या आकारांत मोक्याच्या सांध्यांना दात्यांची चकती आणि स्प्रिंग असते. हात वर करताना ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो तो तिचाच. दाते एकमेकांत अडकतात आणि घर्षणाच्या भरवशावर राहावं लागत नाही. पण त्यात एक तोटा असतो. दोन दात्यांच्या मधली स्थिती मिळत नाही. दाते मोठे असतील तर हात एकतर थोडा खाली राहतो, नाहीतर थोडा वर. चांगल्या रचनेत खांद्याला आणि खुब्याला दाते असतात, मानेला आणि मनगटाला गोळा. भार जिथे तिथे दाते, भाव जिथे तिथे गोळा, असा साधा हिशेब आहे.

एका अंगाला केस, दुसऱ्या अंगाला यंत्र

खेळण्याच्या पायाचा एक बाह्य तुकडा बोटांत धरून उजेडात फिरवा. बाहेरच्या अंगाला कोरलेले केस, आतल्या अंगाला पट्ट्या, खाचा, खिळे. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तोच तुकडा एका रूपात कातडी असतो, दुसऱ्या रूपात कवच. त्याच्या कडेला एक बारीक खुंटी दिसेल आणि शेजारच्या तुकड्यात तिच्या मापाची खाच. प्राणी जोडलेला राहतो तो अशा डझनावारी खुंट्या-खाचांच्या जोरावर.

या खुंट्या अचूक बसणं हे साचेकामाचं यश आहे. बहुतेक तुकडे एबीएस या टणक प्लास्टिकचे असतात. सव्वादोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवून ते पोलादी साच्यात दाबाने भरतात. थंड होताना एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. घासणाऱ्या सांध्यांत मात्र अनेकदा पीओएम नावाचं गुळगुळीत, न झिजणारं प्लास्टिक वापरतात आणि ते दोन टक्क्यांच्या आसपास आकसतं. एकाच सांध्यात भेटणारे दोन तुकडे वेगवेगळ्या प्रमाणात आकसणार, हे धरून साचा आधीच तेवढा मोठा कापावा लागतो. पीओएमवर रंग धड बसत नाही, म्हणून असे तुकडे सहसा मूळ प्लास्टिकच्याच रंगात राहतात. शिंगं, तलवारी, शेपटीची टोकं मऊ प्लास्टिकची असतात; मुलाच्या डोळ्याला इजा होऊ नये हा त्यामागचा हेतू. मऊ तलवार वाकडी निघाली म्हणून लगेच खेळणं हलकं ठरवू नये.

जुनं खेळणं घेताना मात्र एक सावधगिरी बाळगावी. 1980-90 च्या दशकांतल्या काही खेळण्यांत सोनेरी चमकीची लहर मिसळलेलं प्लास्टिक आहे. ते काळानुसार इतकं ठिसूळ होतं, की डबा न उघडलेल्या खेळण्याचाही पहिल्याच वळणाला भुगा होऊ शकतो. असं काही हाती आलं तर कपाटात ठेवावं, रूप बदलण्याच्या फंदात पडू नये.

पारख कशी करावी

आता प्रत्यक्ष कसोटी. खेळणं हातात आलं की या क्रमाने जावं.

आधी प्राणी. तो कशाच्याही आधाराशिवाय चारी पायांवर उभा राहतो का? पायात वाक देऊन पाहा. प्राण्याच्या रूपात गुडघे आणि मान हलत नसतील, तर रचनाकाराने सगळा जीव यंत्रमानवात ओतलाय आणि प्राणी नुसता गाठोडं बांधून ठेवलाय असं समजावं. पोटाखालून बघा. तिथे यंत्रमानवाचे हात दिसणारच, पण ते नीट घडी घालून ठेवलेत की कोंबलेत, हे कळतं.

मग बदल. पहिल्या खेपेला पत्रक समोर ठेवूनच करा आणि कुठे जोर लावावा लागतो ते लक्षात ठेवा. चांगल्या खेळण्यात पुढची पायरी हाताला सुचते. एक तुकडा हलला की दुसऱ्याला वाट होते. रंगवलेला भाग दुसऱ्यावर घासत असेल तर दहा-वीस खेपांत रंग जाणार. दोन पट्ट्या एकमेकींना अडून एकदम फटकन सुटत असतील तर एक दिवस त्यातली एक तुटणार.

तिसरी पायरी म्हणजे हिशेब. प्राण्याचा एकेक अवयव घ्या आणि तो आता कुठे आहे, काय काम करतोय, ते शोधा. पुढचा पंजा आता पाऊल आहे? शेपटी आता शस्त्र आहे? छाती आता पाठ आहे? काम मिळालेल्या अवयवाला पूर्ण गुण, नीट घडी घालून आत गेलेल्याला अर्धे आणि पाठीवर नुसत्या लोंबणाऱ्याला शून्य.

चौथी कसोटी तोलाची. यंत्रमानवाला एका पायावर, मग दोन्ही हात पुढे करून उभं करा. पाठीवर ओझं असेल तर तो मागे कलंडतो, म्हणून टाचेला आधाराचा काटा आहे का ते बघा.

आणि शेवटची, जी बरेच जण विसरतात, ती परतीची. यंत्रमानवाचा पुन्हा प्राणी करा, पत्रक न बघता. सुरवंटाचं फुलपाखरू होतं तेव्हा कोषात त्याचं बरंचसं शरीर विरघळून नव्याने घडतं आणि त्याला माघारी यायचं नसतं. खेळण्याला दर वेळी यावं लागतं. परतल्यावर शिवणी पहिल्यासारख्या जुळल्या, पाठीवर फट उरली नाही, तर रचना पक्की.

घेण्याआधी

2023 च्या ‘राइज ऑफ द बीस्ट्स’ या चित्रपटाने गोरिला, चित्ता आणि ससाणा पुन्हा चर्चेत आणले. त्याआधी 2021 मध्ये ‘किंगडम’ मालिकेत हीच पात्रं परवडणाऱ्या आकारात आली होती. हॅस्ब्रोच्या वर्गवारीत ‘डिलक्स’ म्हणजे सुमारे साडेपाच इंच आणि ‘व्हॉयेजर’ म्हणजे सुमारे सात इंच. भारतात खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. त्यामुळे परदेशातली छापील किंमत आणि इथली किंमत यांत मोठी तफावत दिसते. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. मुलासाठी घेत असाल तर ते चिन्ह, उत्पादकाचं नाव आणि डब्यावरचं वय, तिन्ही बघा. या प्रकारातल्या बहुतेक खेळण्यांवर आठ वर्षं किंवा त्यापुढचं वय असतं आणि ते शोभेपुरतं नसतं. लहान बोटांना घड्या उलगडत नाहीत, मग जोर लावला जातो आणि वाटी तडकते.

घरी आणल्यावर ऊन आणि तापलेली गाडी यांपासून दूर ठेवा. सांधा सैल झाला तर गोळ्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळू द्या आणि मगच वाटीत बसवा. ओला बसवलात तर सांधा कायमचा चिकटेल.

आणि पहिलंच घेत असाल तर माझं मत स्पष्ट आहे. महागडं मास्टरपीस नको, चित्ता नको. सात इंची गोरिला घ्या. त्यात लपवाछपवी सगळ्यात कमी आहे, जुळणी सगळ्यात सरळ आहे आणि माणूस नि गोरिला यांच्या शरीराचा आराखडा एकच आहे हे त्याच्याइतकं झटकन दुसरं कुठलंही खेळणं शिकवत नाही. मुलाच्या हातात द्याल तेव्हा पत्रक थोडा वेळ खिशात ठेवा आणि वाट त्याची त्याला शोधू द्या.